साधाच केक

"मक्याचं पीठ, यीस्ट, चायना ग्रास..." राजानंदने एकेक वस्तू काउंटरवर ठेवली. "केक करून राह्यल्या का, मॅडम?"

प्रियदर्शनीने खाली मान घालूनच होकार दिला. नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून ती नवीन जालन्यातल्या या दुकानात शिरली होती. इथे पुन्हा कशाला यायचंय, असं तिला वाटलं.

चार-पाच दिवसांनी ती पुन्हा आली... नेहमीचं दुकान उघडं असूनही.

सामान केकसाठी नव्हतंच. रक्तपेशी कशा घडतात, यावर ती पुण्यात पीएचडी करत होती आणि ते पाहायचं होतं फळमाश्यांच्या अळ्यांत. पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या, तिळाएवढ्या माश्या! दुरुस्तीसाठी प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या माश्या घरी नेल्या. जालन्यातल्या तिच्या खोलीत आता कापसाचे बोळे लावलेल्या काचनळ्या होत्या आणि नळ्यांच्या तळाशी माश्यांसाठी शिजवलेलं, चायना ग्रासने घट्ट केलेलं मक्याचं खाद्य. मागे तिला बघायला आलेल्या पाहुण्यांना तिने हे सगळं मोकळेपणाने सांगितलं होतं. मुलाची आई चहा तसाच ठेवून उठली होती. तेव्हापासून 'माशी' हा शब्द तिच्या तोंडून निघत नसे.

"आज कोणता केक?"

"साधाच."

"दर वेळी साधाच? मंग खातं कोण एवढा?"

"आहेत घरात... बरेच जण."

"किती?"

"मोजले नाहीत."

तो खळखळून हसला. "नशीबवान हायेत. आमच्या नशिबी टोस्टच!"

पुडीला दोरा गुंडाळताना त्याची बोटं हल्ली जरा जास्तच वेळ घेत. तिलाही घाई नसे. घरी जाताना मात्र कानाच्या पाळ्या तापत — किती सहज खोटं बोलतो आपण!

मग एका संध्याकाळी तो अडखळत म्हणाला, "रविवारी आईचा वाढदिवस हाय. जिंदगीत पहिल्यांदा केक कापणार हाय ती. तुम्ही... करून द्याल? तुमच्याबद्दल सांगितलं मी तिला."

"माझ्याबद्दल? काय?"

"केक लई चांगला करतात म्हणून."

"तुम्ही कुठे खाल्लाय?"

"न्हाई खाल्ला. पण चांगलाच असणार, बिलकुल."

ती "बघते" म्हणाली आणि पुडी न घेताच निघाली.

शनिवारी ती आली, तेव्हा पाऊस भुरभुरत होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिने पर्समधून एक काचनळी काढून काउंटरवर ठेवली.

"मला केक येत नाही. कधी केलाच नाही. ते सगळं... यांच्यासाठी नेत होते."

त्याने वाकून पाहिलं. नळीत माश्या भिरभिरत होत्या. आणि तो हसला — मोठ्याने.

तिने नळी उचलली आणि पायरी उतरली.

"थांबा, मॅडम! तुमच्यावर न्हाई, माझ्यावरच हसलो!" तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला. हातात केकचं कोरं भांडं होतं, लेबलसुद्धा तसंच. "तुमच्यासाठी आणल्तं. उद्या आईसमोर द्यायचं होतं." आता त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. "सांगा, याचं काय करू मी?"

पावसात दोघंही लाजून उभी राहिली. मग दुकानात परत येऊन तिने नळी समोर धरली आणि पर्समधलं भिंग त्याच्या हाती दिलं.

"काचेवर चढलेली अळी बघा. आत काळे ठिपके दिसतात?"

"दिसले. बिमार हाय का?"

"हिच्या रक्तपेशी वाढायच्या थांबतच नाहीत. जास्तीच्या अशा गोळा होऊन काळ्या पडतात. माणसात असं बिघडलं की रक्ताचा कर्करोग होतो. या पेशींना वेळेवर थांबवतं कोण, ते मी शोधते."

"मंग सापडलं?"

हे तिला आजवर घरच्या कुणीही विचारलं नव्हतं. "थोडंसं," ती म्हणाली.

"केक बेकरीतून आणतो. तुम्ही या मात्र." त्याने भिंग परत दिलं. "आईला काय सांगू, काय करतात म्हणून?"

"तुम्ही काही सांगू नका... मीच सांगेन."

तिने त्याच्या हातातल्या भांड्यात नळी अलगद उभी केली. अजून कितीतरी नळ्या मावल्या असत्या.

राजानंद पिठाच्या डब्याकडे वळला. "बारीक देऊ का रवाळ? कसं आवडतं त्यांना?"

"बारीक," ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच, मान वर करून.