तिसरा शंकू

“शंकूचं घनफळ बरोबर एक द्वितीयांश पाय आर वर्ग एच! शंकूचं घनफळ…”

ताई येरझाऱ्या घालत घोकत होती. उद्या सकाळी कॉलेजची प्रवेशपरीक्षा! घोकून घोकून तिचा घसा बसला होता.

कोपऱ्यात तिची धाकटी बहीण टिकली, सुट्टीला आलेला मामेभाऊ भोंगा आणि शेजारचा चष्मिस पत्ते खेळत होते. चष्मिसने पत्ते खाली टाकले.

“अर्धं? मी तर एक तृतीयांश वाचलंय!”

“क्लासच्या पुस्तिकेत छापलंय,” ताई खेकसली. “सर म्हणालेत, बाकीची पुस्तकं माळ्यावर टाका!”

“मोजूनच बघू!” टिकली म्हणाली. तिघांनी पुठ्ठ्याचा शंकू केला, तेवढ्याच तोंडाचा नि तेवढ्याच उंचीचा डबा केला आणि अंगणातली वाळू ओतली. डबा भरायला तीन शंकू लागले!

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने सरांना फोन लावला.

“सात वर्षं शिकवतोय मी! पुस्तिकेवर विश्वास नसेल तर येऊ नकोस!” फोन बंद.

“तीनशे मुलं हेच लिहिणार गं,” ताई पुटपुटली.

“चारला शेवटचा तास आहे ना?” टिकली उठली. “चला!” ताईही मागोमाग निघाली.

क्लासच्या दारात कारकून आडवा आला. “लहान मुलांना आत सोडत नाही!”

“सरांचे खडू आणलेत,” टिकलीने खोका पुढे केला. “तास थांबला तर तुम्हीच सांगा त्यांना!”

कारकून मुकाट बाजूला झाला. खोक्यात शंकू, डबा आणि वाळू होती!

सभागृह गच्च भरलं होतं. टिकली थेट टेबलापाशी गेली.

“कोण तुम्ही? बाहेर व्हा!” सर गरजले.

“दोन शंकूंत डबा भरला, तर कान धरून माफी मागू!” भोंग्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत घुमला. मुलं उठून बघू लागली. सरांनी हाताची घडी घातली. “दाखवा!”

चष्मिस ओतू लागला. “एक!” मुलं ओरडली. “दोन!” डबा अजून वरून रिकामा होता. “तीन!” वाळू काठोकाठ आली.

सरांनी चष्मा पुसला. पुस्तिका उघडली. शंकूच्या सूत्रावर बोट ठेवलं.

“छापखान्याने यंदा तपासायला पानं पाठवली होती,” ते हळूच म्हणाले. “मी न वाचताच सही केली. चूक माझी. पेन्सिली काढा, सगळी सूत्रं पुन्हा तपासू!”

साडेसहापर्यंत आणखी दोन चुका सापडल्या!

सरांनी तिघांना जवळ बोलावलं. “सात वर्षांत ‘हो सर’ म्हणणारे हजारो भेटले. ‘कशावरून सर’ विचारणारे तुम्हीच पहिले. शाब्बास रे पोरांनो!”

घरी जाताना ताईने टिकलीचा हात घट्ट धरला. “आता गोलाचं घनफळ,” ती म्हणाली. “मी सांगते. तू मात्र मान डोलवू नकोस हं, भांड माझ्याशी!”