दोष आढळला नाही

मंगळवार, २८ मे २०२४. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. दर्यापूर-अकोला रस्ता, पूर्णेच्या पुलाच्या अलीकडे साधारण अर्धा किलोमीटर. पारा पंचेचाळीसच्या वर, आकाशात ढगाचा ठिपका नाही, रस्त्यावर आमच्याखेरीज माणूस नाही. या ठिकाणी, या वेळी, जीपच्या डॅशबोर्डला बांधलेला बल्ब विझला.

वेळ मी मुद्दाम लिहून ठेवली. एकतीस वर्षं अमरावतीत बातमीदारी केली, त्यात एवढं कळलं की सरकारी कागदाशी भांडायचं असेल तर आधी आपला कागद पक्का हवा.

भांडण जुनं होतं. जानेवारी २०२० मध्ये, दिवेलागणीला, एका खात्याची ही डिझेल जीप याच पुलाजवळ कापसाच्या उभ्या ट्रॅक्टरवर आदळली. चालक बुधाजी तायडे जागीच गेले, मागे बसलेली दामिनी ही तरुण पर्यवेक्षिकाही गेली. चौकशीत लिहिलं गेलं: वाहनात दोष आढळला नाही, चालकास डुलकी लागली. विषय संपला. पण गाडीच्या लॉगबुकात बुधाजींनी अकरा वेळा लिहिलं होतं, ‘चालू गाडीत लाइट आपोआप बंद होते.’ त्याखाली वर्कशॉपचा अकरा वेळा एकच शेरा: ‘तपासले. दोष आढळला नाही.’

बुधाजींची मुलगी भावना दर्यापुरात शिकवण्या घेते. दोन पोरांच्या आयांनी तिला तोंडावर सांगितलं होतं, डुलकीवाल्याच्या पोरीकडं आम्ही लेकरं पाठवत नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, “काका, मला एक ओळ पाहिजे. गाडीत दोष होता, एवढीच. सरकारी कागदावर.”

लिलावातली ती जीप दर्यापूरचे कापूस व्यापारी पुंजाजी यांनी घेतली होती. तिचं चेपलेलं नाक सरळ करून घेतलं, पण दिवे मधूनच जायचे, म्हणून कापसाच्या गोदामात उभी केली. मी मागितली तेव्हा लगेच चावी दिली. “न्या. अन परत आनाची घाई करू नका. एक गोष्ट चांगली हाय जी तिची, धुवा लागत नाई. कवाई पाहा, धुतलेलीच दिसते.” मी हसलो होतो. तेव्हा हसायला नको होतं.

अकोल्याचा गजेंद्र हा गाड्यांच्या वायरिंगचा माणूस. तोंडाने फटकळ, हाताने सावकाश. त्याने मला आधीच बजावलं होतं, “भाऊ, कधीमधी येनारा दोष चोरासारखा असते. पाहाले गेलं का लपते. वर्कशॉपवाले उभ्या गाडीत पाहत असतीन, तिथं काय भेटते? चालवूनच पाहा लागते.” त्याने हेडलाइटच्या वायरीवर एक बल्ब जोडून समोर बांधला. करंट गेला की बल्ब जाणार. “जुनं डिझेल इंजिन हाय. एकदा सुरू झालं का त्याले करंट लागत नाई. म्हनून लाइट गेली तरी गाडी पयतच राहते, आंधयी.”

बल्ब विझला तसा त्याने इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं. डाव्या बाजूला एक कपलर होता, दोन वायरी जोडणारी प्लास्टिकची खोबण. त्याने तो बोटाने हलवला. बल्ब लागला. सोडला. विझला.

“सापडला,” गजेंद्र म्हणाला आणि कपलर ओढून उघडला. आतलं तांबं हिरवं झालं होतं. त्यावरून पाणी निथळत होतं.

गरम इंजिनाशेजारी, मे महिन्याच्या त्या दुपारी, पाणी. त्याने बोट जिभेला लावलं आणि थुंकला. “खारं. आपल्या खारपानपट्ट्यातल्या बोअरचं. कोनं धुतली गाडी?”

“चार महिने गोदामात होती.”

“मंग हे काय आकाशातून पडलं?”

मी फोटो काढले. मला भुताखेतांचा विचारही शिवला नाही. मला वर्कशॉप आठवलं, खात्यातली दोन नावं आठवली. कोणीतरी गाडीपर्यंत पोचत होतं, याची माझी खात्री झाली.

आठ महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर खात्याने फेरतपासणी मान्य केली होती. गुरुवारी सकाळी अकरा, गजेंद्रच्या गॅरेजात. तोपर्यंत कपलरला हात लावायचा नाही असं ठरवून आम्ही गाडी आत घेतली. शटरला माझं कुलूप, चावी माझ्या खिशात.

बुधवारी सकाळी नऊला शटर वर केलं. आधी वास आला, तापलेल्या पत्र्यावर पाणी पडल्यावर येतो तसा. जीप धुतलेली होती. काचेवर फडक्याचे अर्धगोल, बॉनेटवर मिठाचे पांढरे ओघळ. खाली फरशीवर मात्र तेल आणि धूळ कालच्यासारखीच, कोरडी.

“दुसरी चावी कोणाकडे आहे?” मी विचारलं.

“कुलूप तुमचं, चावी तुमची... अन शक मायावर?” गजेंद्र भडकला. “इथं नळ धा दिवसातून एकदा येते भाऊ! मी स्वतःचं अंग धुवू का तुमची जीप?”

मी माफी मागितली नाही. बॉनेटच्या फटीवर चारही बाजूंनी कागद चिकटवले, त्यावर सह्या केल्या, वेळ टाकली.

दुपारी भावना आईला घेऊन आली. पंचफुलाबाई जीपपासून दूर, दारातच उभ्या राहिल्या. मी कपलरचा फोटो दाखवला आणि खारं पाणी सांगितलं.

“सकायी साडेपाचले धुवत होते ते,” त्या म्हणाल्या. “रोज. रेस्टहाऊसच्या बोअरवर. म्हनत, सरकारची गाडी हाय, आरशासारखी पाह्यजे.”

भावनाने माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे बाबांनी गाडी धुतली म्हणून...?”

“वर्कशॉपने एकदा तो कपलर उघडला असता तर पाच मिनिटांचं काम होतं,” मी म्हणालो. ते खरंच होतं. पण तिने जे विचारलं, त्याचं ते उत्तर नव्हतं.

ती जाऊन चालकाच्या जागेवर बसली. स्टिअरिंगवर हात ठेवला आणि अगदी हळू, घरात बोलावं तसं म्हणाली, “बाबा... तिथं पाणी लागू देऊ नका.”

गजेंद्रने मान फिरवली. मायलेकी चारच्या बसने परत गेल्या.

गुरुवारी अकराला खात्याचे अभियंते आले. कुलूप मी काढलं. कागद शाबूत, सह्या शाबूत. ते त्यांच्यासमोर मी फाडले. बॉनेट वर गेलं.

कपलर दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला होता. वरून पांढऱ्या कापडाच्या पट्टीने आवळून बांधलेला. गाठ नेटकी, दुहेरी.

“छान काम केलंय कोणीतरी,” अभियंते म्हणाले.

“आत उघडा, आत हिरवं आहे!” मी ओरडलो.

त्यांनी उघडलं. तांबं घासून लख्ख, कोरडं, वर ग्रीसचा पातळ हात. मी मंगळवारचे फोटो पुढे केले. त्यांनी चष्मा काढून पाहिले. “हा याच गाडीचा कपलर कशावरून?” मग बल्ब बांधून पूर्णेच्या पुलापर्यंत जाऊन आले. बल्ब एकदाही मिचकला नाही. मी त्यांच्या शेजारी बसून तो विझण्याची वाट पाहत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गाडी बिघडावी म्हणून मनातून विनवत होतो.

त्यांनी तोच शेरा बाराव्यांदा लिहिला: तपासले. दोष आढळला नाही.

गजेंद्र काळवंडल्या तोंडाने म्हणाला, “आपल्याच हातानं पुरावा पुसला भाऊ त्यायनं...” कोणी, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

संध्याकाळच्या आत दर्यापूरला गेलो. भावनाने कागद दोनदा वाचला. मला वाटलं, रडेल. तिने विचारलं, “पुढं जो चालवेल, त्याची लाइट जाणार नाही ना आता?”

“नाही.”

“मग राहू द्या काका.”

मी राहू देणारा माणूस नाही. ती पट्टी मी पंचफुलाबाईंसमोर ठेवली. त्यांनी उलटून पाहिली. एका टोकाला निळ्या दोऱ्याने लावलेलं पांढरं बटन होतं. “पांढरा दोरा सरला होता त्या दिवशी,” त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. “मीच लावलं हे. बाहीचं हाय त्यायच्या.”

अपघाताच्या दिवशी अंगावर असलेला बुधाजींचा गणवेश पोलीस ठाण्याच्या मुद्देमालात आहे. अर्ज करून, दोन महिने खेटे घालून, दोन पंचांसमोर मी ते बोचकं उघडायला लावलं. लाखेचं सील जानेवारी २०२० चं, कुठेही तडा नाही. सोबतच्या मूळ पंचनाम्यात लिहिलं आहे: ‘शर्ट पांढरा, पूर्ण बाहीचा. डावी बाही बटनासह शाबूत.’

बोचक्यातल्या शर्टाच्या डाव्या बाहीची मनगटाकडची चार बोटं पट्टी नव्हती. उरलेली बाही ओली होती.

हे कसं, असं मी ठाण्याला लेखी विचारलं आहे. पोच मिळाली आहे. उत्तर अजून नाही.