रुस्तम झोपलाय, हळू भांड!

आधी दिसली ती पाठ. मेंदीच्या कुंपणातून अर्धी आत घुसलेली, मळक्या बंडीतली रुंद पाठ… आणि पाठीच्या पलीकडून लाडिक आवाज, तान्ह्या पोराशी बोलावं तसा, "खा रं माझ्या राजा, खा. त्या कैदाशिणीला कळू दिऊ नगंस."

आता ती कैदाशीण कोण? तर आपली हिरीच! आणि ती त्याच्या मागंच उभी, कमरेवर हात, नाकपुड्या अश्शा फुललेल्या.

तिचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. कारण काय, तर वरवंटा! थांबा, सांगते.

घाटातून विजेची इंजिनं धावायला लागून पाच-सहा वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. हिरी लोणावळ्यात खोर्शेदबाईंच्या बंगल्यात कामाला होती. बाई पारशी, एकट्या. त्यांच्या नवऱ्यानं देवाघरी जायच्या आदल्या वर्षी इराणातून एक कासव आणलं होतं. पाण्यातलं नव्हे हं, कोरड्या जमिनीवरचं. नाव रुस्तम. आणि हा रुस्तम थंडीत झोपायचा. एक रात्र नाही, चांगले तीन महिने! बाईंना छातीचा त्रास, गारठा सोसायचा नाही, म्हणून दसरा झाला की त्या मुंबईला जायच्या त्या होळीलाच परत. मागं रुस्तमला झोपवायचा तो बंगल्यावरचा म्हातारा गडी रखमाजी. यंदा त्याला दिसेनासंच झालं. मग बाईंनी जाताना लेकीसारखा हिरीचा हात धरला.

"दिकरी, झोपायच्या आधी तीन हप्ते खायला काय पण द्यायचा नाय. फक्त रोज कोमट पाण्यात बसवायचा. भरल्या पोटानी झोपला ना, तर पोटातला सडेल… मग गेला माझा रुस्तम. माझ्या माणसाची तेवढीच एक जिवंत वस्तू राहिली बघ."

हिरीनं हातावर हात ठेवून शब्द दिला. स्वयंपाकीण कस्तुराबाई चुलीपुढनं फणकारली, "डोंगरावरची पोर! तिला शेळ्या वळाया सांगा." ते हिरीच्या काळजात काट्यासारखं रुतलं.

लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून पोरीनं युक्ती काढली. तराजूच्या एका पारड्यात रुस्तम, दुसऱ्यात जुना वरवंटा. दोन्ही बरोब्बर! आता उपास सुरू झाला, म्हणजे रुस्तम हलका व्हायला हवा. त्याच्या बाजूला दोन-चार चिंचोके टाकावे लागायला हवेत. पण त्या दिवशी? चिंचोके वरवंट्याकडे टाकावे लागले. एक नाही, सहा!

उपाशी जीव जड होतो कसा? हिरी दिवसभर कपाळ बडवत होती. आणि संध्याकाळी ही पाठ!

"ए! कोन रं तू?"

पाठ दचकली. वळली. ओठांवर मिसरूड, केसांत मेंदीची पानं, हातात अर्धी काकडी. पलीकडच्या बंगल्यावर नवा माळी आलाय, एवढं हिरीनं ऐकलं होतं. तोच हा.

"गेणू. पवन मावळातला. आन् तूच व्हय ती, मुक्या जनावराला उपाशी मारनारी?" तोच उलटा तापला! "दिवाळीत आमच्याकडं दारचं कुत्रंबी उपाशी ठेवत न्हाईत. वसुबारसंपास्नं बघतोय, ह्याच्याफुडं एक पान पडलं न्हाई. काळीज हाय का दगूड?"

"वसुबारसंपास्नं? रोज चारतोस?"

"रोज. दोनदा."

हिरीनं त्याच्या हातातली काकडी हिसकावली आणि त्यालाच फेकून मारली. छातीवर बसली, फट्कन!

"आरं मुडद्या! मी त्याला मारत न्हाई, झोपाया घालतेय! पोट रिकामं झाल्याबिगर झोपला तर आतल्या आत सडून मरंल! त्यो मेला तर मी बाईला त्वांड कसं दावू? सांग, कसं दावू?" बोलता बोलता डोळे भरले. त्याचाही तिला इतका राग आला… या परक्या माणसासमोर रडू यावं!

गेणूचा चेहरा पांढराफटक. तो रुस्तमकडं बघतो, मग काकडीकडं, मग तिच्याकडं.

"मला… मला ठावं न्हवतं गं."

"ठावं न्हवतं तर इचारायचं! जीभ काय गहान टाकलीय?"

"आता?"

"आता परत पैल्यापास्नं! तीन हप्ते! जा, व्हय भाईर!"

तो गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर, हातात गरम पाण्याची बादली.

"त्याच्या आंघुळीला."

हिरीनं बोट बुडवलं. "कोंबडी शिजवायचीय का? कोमट म्हंजे कोमट!"

पुढच्या सकाळी पाणी गार. त्याच्या पुढच्या सकाळी बरोबर, तर बादली गळकी. रोज काहीतरी चुकायचं आणि रोज ती करवादायची. आणि एक दिवस त्याला यायला जरा उशीर झाला, तर हिरीबाईसाहेब चार वेळा कुंपणाशी जाऊन आल्या. चुकलं नाही तर ओरडायचं कुणावर, नाही का!

मग कस्तुराबाईनंच बातमी आणली. "शेजारचा त्यो माळी, सांजची चूलबी पेटवंना. म्हनतो, कासव जेवत न्हाई तवर मीबी सांजचं जेवनार न्हाई. चूक मपली हाय म्हनं. येडंच ध्यान!"

हिरी ताडकन उठली. पिठलं-भाकरी बांधली आणि कुंपणातून त्याच्या पुढ्यात आपटली.

"गिळ."

"पर रुस्तम…"

"रुस्तमाला पाठीवर टोपलं हाय, त्यात त्यो सुकानं झोपंल. तुला काय हाय? हाडं! जेव मुकाट्यानं. उपास करून पाप फिटतंय व्हय? उंद्या चक्कर यिऊन इहिरीत पडशील, मग तुला काढाया मीच यायचं का?"

गेणू घास तोंडात घेऊन हसला. "यशील?"

"न्हाई!"

"मग पडत न्हाई."

हिरीचे कान तापले. रागानं हो, रागानंच!

मार्गशीर्षात रुस्तम सुस्तावला. पारड्यात त्याच्याकडे पाच चिंचोके पडले, आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे त्याला झोपवलं. एका खोक्यात दुसरं खोकं, मधे पेंढा, आत वाळकी पानं. ती गेणूनं डोंगरातून आणली, एकेक निवडून. वर बारीक जाळी, वारा यावा पण उंदीर येऊ नये म्हणून. बंगल्याखालच्या दगडी कोठीत खोकं ठेवलं. तिथं भिंतींना हात लावला तरी बोटं बधिर व्हायची.

दर सोमवारी वजन. आणि दर सोमवारी भांडण! पण एक पंचाईत झाली. रुस्तम झोपलेला. त्याला जाग येऊन चालायचं नाही. मग भांडायचं कसं? कुजबुजत!

"तराजू वाकडा धरलायस," हिरी फुसफुसायची.

"तूच वाकडी हुबी हाईस," गेणू तितक्याच हळू.

"जास्त बोलू नगंस."

"मग जरा जवळ यिऊन बोल… ऐकू येईना."

जवळ गेल्याशिवाय कुजबुज ऐकू येत नाही, त्याला काय करणार? कंदिलाच्या उजेडात तोंडातून वाफ निघायची, दोघांची, आणि मधे एक व्हायची. हिरी गर्रकन मान फिरवायची. चिंचोके मोजायची. सहा… सात… आणि आकडा विसरायची. मग त्याच्यावरच चिडायची, की तुझ्यामुळंच विसरले!

असा पौष गेला, माघ गेला. घाटातला वारा ऊन झाला. बाईंची तार आली, होळीच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं पोचते.

त्या सकाळी दोघांनी अंगणात खोकं उघडलं. हिरीनं रुस्तमला कोमट पाण्याच्या परातीत बसवलं. डोकं आत, पाय आत. हलेना.

घटका गेली. पाणी बदललं. हलेना.

"गेला," हिरी म्हणाली. आवाज कसा, फाटक्या कापडासारखा. "तुज्या काकडीनं गेला. पोटात ऱ्हायली आसंल एखादी फोड. बाईला मी शब्द दिलता… माजा शब्द मारलास तू! जा हितनं. परत त्वांड दावू नगंस!"

गेणू गेला नाही. खाली मान घालून तिथंच उकिडवा बसला. पाणी गार झालं की उठायचा, कोमट आणायचा. बरोब्बर कोमट. तीन वेळा. चार वेळा.

पाचव्या खेपेला, ऊन डोक्यावर आल्यावर, पाण्यावर बुडबुडा आला.

हिरीनं गेणूचं मनगट गच्च धरलं. आधी एक नख. मग सुरकुतलेली मान, म्हाताऱ्या माणसासारखी, हळू… हळू… आणि एक काळा डोळा उघडला. रुस्तमनं नाक पाण्यात घातलं आणि घटाघटा प्यायला लागला!

हिरी हसत होती की रडत होती, देव जाणे. मनगट मात्र तिनं सोडलं नाही.

गेणूनं मोकळ्या हातानं कमरेचं फडकं सोडलं. आत बोटाएवढी कोवळी काकडी, देठाला फूल अजून चिकटलेलं. "संक्रांतीला येल लावलता कुंपनापाशी. आजच्यासाठी." घसा खाकरला. "आता… दिऊ का? इचारायचं म्हनलीवतीस ना. इचारतोय."

"दे की."

"आनखी एक इचारायचंय."

"मग इचार! तीन महिनं कानाशी कुजबुजलास, आन् आता जीभ अडली? का सगळं मीच बोलायचं?"

गेणू उठून उभा राहिला. छातीत श्वास भरला आणि असा ओरडला, की पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले!

"हिरे! माज्याशी लगीन करशील का?"

कस्तुराबाईच्या हातातलं उलथणं पडलं. फाटकात टांगा नुकता थांबत होता. खोर्शेदबाईंचा एक पाय पायरीवर, एक अजून वर. हिरी लालबुंद झाली आणि त्याच्या दंडावर तिनं दणकन गुद्दा मारला.

"मेल्या, हळू बोल की!"

"आता कशापायी हळू?" गेणू म्हणाला. "त्यो जागा झालाय की!"

टांग्यातून बाई ओरडल्या, "दिकरी, अगोदर त्याला जवाब दे! रुस्तमला मी बघते!"

हिरीनं काकडी घेतली. मोडली. अर्धी रुस्तमच्या तोंडाशी धरली आणि उरलेली अर्धी, तितक्याच रागानं, गेणूच्या तोंडात कोंबली.

"व्हय," ती म्हणाली. "आता गप खा."