कड्याखालचं बी

रोपवाटिकेत खड्डे पाडायला वापरतात तो एका कुऱ्हाडीचा मोडका दांडा आहे.

दुपार कलली की वारा समुद्राकडून डोंगरावर चढतो.

हे बी वाळलं की मेलं. ओलं राहिलं तरच रुजतं.

त्या जातीचं एकच झाड उरलंय, आणि वाट एकालाच ठाऊक आहे. बाकीचं जंगल त्यानंच तोडलं.

म्हणून रोपवाली लेक बापाला घेऊन निघाली होती. तिच्या रोपवाटिकेत रानातली सगळी झाडं होती, एवढं सोडून. आणि हे आता वठत चाललं होतं. पुढच्या वर्षी बी धरेल याचा नेम नव्हता.

झरा आटलेला. घसरणीवर तिचा तळहात सोलला. कड्याच्या पायथ्याशी झाड सापडलं तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं. त्रेचाळीस बिया मिळाल्या. त्या गोणपाटात गुंडाळून तिने डब्यातलं पाणी वर ओतलं.

"घोटभर तरी ठेव," आबा म्हणाले. "बापापेक्षा बी लाडकं झालं का?"

"बी कुरकुरत नाही, आबा." शेवटचा घोट तिने त्यांना दिला. "सगळं तोडलंत, मग हेच का सोडलंत?"

"तुझ्यासाठी," आबा हसले.

तेवढ्यात धूर आला. उतारावरचं गवत पेटलं होतं, आणि वारा फिरला होता. आग वर चढत होती! पाठीशी उभा कडा.

"आगीतून आरपार जायचं," आबा म्हणाले. "पातळ जागा बघ. जळलेलं परत जळत नाही."

अंगावर घ्यायला ओलं असं एकच होतं. तिने गोणपाट झटकलं. बिया मातीत विखुरल्या. आबा खाली वाकले. तिने दंडाला धरून त्यांना उठवलं, गोणपाट दोघांच्या डोक्यावर ओढलं.

धावले! केस करपले. श्वास भाजला. पायाखाली निखारे! आणि मग नुसती काळी राख.

किनाऱ्यापर्यंत आबा चकार शब्द बोलले नाहीत. मागे झाड धडधडत जळत होतं.

"रागावलात? घसा भाजला का? आबा, काहीतरी बोला ना."

आबांनी तिचा सोललेला तळहात ओढला आणि त्यात तोंड रिकामं केलं. लाळेने ओल्या तीन बिया.

"आता बोलतो," ते म्हणाले. "पाणी दे."

पाणी नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी, त्या झाडावर पहिलाच घाव घालताना आबांच्या कुऱ्हाडीचा दांडा मोडला होता.