दोन मिलिमीटरची फट

हळद जळते तेव्हा धूर पिवळा निघत नाही. काळाच निघतो.

दोन मिलिमीटर.

पुण्यात औषधांचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी शपथेवर सांगितलं, की सांगलीतल्या आगीचा प्रकार त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्या दिवशी त्या पुण्यातल्या दुकानातच होत्या.

"डोळा आळशी असतो, निलू. त्याला बोट धरून न्यावं लागतं. पण बोट कुठे सोडायचं, तेही कळायला हवं."

हे बोलणं केरकरबाईंचं. चाळीस वर्षं चित्रकथा काढलेल्या या बाईंकडे निलोफर शिकलगार पानाची मांडणी शिकली. कुठली चौकट मोठी, कुठली लहान, संवादाचा फुगा कुठे ठेवला की नजर आपसूक पुढे उतरते. पण बाईंचा खरा धडा चौकटींचा नव्हता. दोन चौकटींमधल्या कोऱ्या फटीचा होता.

"एकीत हात उगारलेला, दुसरीत फुटलेली कपबशी. फेकली कुणी?"

"वाचणाऱ्यानं," निलोफर म्हणाली होती.

"शाबास. म्हणून फट रुंद ठेव. हे आपण केलंय, हे त्याला कळू दे."

पुढे निलोफरला चित्रबातम्यांच्या एका कंपनीत नोकरी लागली. बातम्या वाचायचे दिवस सरले होते. लोक फोनवर चौकटी बघत. कंपनीकडे 'नजरदोरा' होता. फोनचा कॅमेरा बघणाऱ्याची बुबुळं टिपायचा, आणि नजर जिथे अडखळेल तिथे पान त्या माणसापुरतं स्वतःला सावरून घ्यायचं. चौकट जरा सरकायची, फट जरा मिटायची. नजरेची वाट निलोफरच्या पडद्यावर लाल दोऱ्यासारखी उमटायची. दोरा कुठेही गाठ न पडता शेवटाला गेला, की पान पास.

सांगलीत हळदीच्या गोदामाला आग लागून एक हमाल गेला. त्या बातमीचं पान निलोफरकडे आलं. पहिल्या चौकटीत फाटकावर बसलेला रखवालदार, दुसरीत पेटलेलं गोदाम. दोऱ्याला मध्येच गाठ पडत होती. म्हणून तिने रखवालदाराच्या हातात विडी दिली. एक लाल ठिपका फक्त, चौकटीच्या उजव्या कडेला, नजरेला ज्वाळांकडे ओढून नेणारा. गाठ सुटली. फट पानाने आपणहून दोन मिलिमीटरवर आणली.

चार दिवसांत एकोणीस साक्षीदार पोलिसांकडे आले. रखवालदाराला जळती विडी पोत्यांवर टाकताना प्रत्येकाने पाहिलं होतं.

"बाई, असली चौकट मी काढलीच नाही!" निलोफर धावतच केरकरबाईंकडे आली होती.

बाईंनी पान बघितलं, फोन पालथा ठेवला. "गाठ हवीच असते गं. नजर अडखळली की मन म्हणतं, हे मी कल्पलं. अडखळलीच नाही, तर म्हणतं, हे मी पाहिलं." मग हळूच विचारलं, "तुला आठवते ती चौकट?"

निलोफरने डोळे मिटले. विडी हवेत होती. राख झडत होती. पोत्याची शिवण कुठल्या ब्रशने काढली, तेसुद्धा तिला सांगता आलं असतं.

"मला दिसतेय, बाई."

"मलाही," बाई म्हणाल्या.

दुपारी दोघी सांगलीच्या पोलीस चौकीत पोचल्या. रखवालदार मुरारी चौगुले बाकावर बसले होते. कबुलीजबाब टाइप होऊन समोर पडला होता. सही तेवढी बाकी.

"काका, तुम्ही काही टाकलं नाहीत. विडी मी काढली. नजर वळावी म्हणून."

"तुमी कशाला अंगावर घेताय, पोरी?" मुरारी शांतपणे म्हणाले. "मीच टाकली. मला दिसतंय न्हवं!"

"पान बघितलंत तुम्ही?"

"बघितलं की. जावयानं दावलं. तवापास्नं डोळ्याला डोळा न्हाई."

शेजारी त्यांची बायको शेवंता पदराने तोंड पुसत होती. "रोज कानीकपाळी वरडत हुते, ताई. त्या विडीनं एक दिवस घात हुईल म्हणून. ऐकतंय कोण?"

निलोफरने पिशवीतून कागद काढला. तेच पान तिने हाताने नव्याने काढलं होतं. विडी नाही, आणि फट चांगली चार बोटं रुंद. कागदावरची फट मिटू शकत नाही, एवढीच आशा.

मुरारींचं बोट पहिल्या चौकटीवरून पुढे निघालं. कोऱ्या जागेत येऊन थांबलं. बराच वेळ थांबलं.

"अडखळले!" निलोफर बाईंच्या कानात पुटपुटली.

"ही बघा," मुरारी कोऱ्या कागदावर बोट टेकवून म्हणाले. "हितंच टाकली." दुसरा हात सदऱ्याच्या खिशावर काड्यापेटी चाचपत होता.

फौजदारांनी वाकून त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग पेन पुढे केलं.

सगळ्यांना जे आठवतं, ते घडलंच नाही, हे आता कुणी कुणाला सांगायचं? आणि सांगणाऱ्यालाही तेच आठवत असेल तर?

मुरारींनी पेन घेतलं.

नोकरीला लागल्यापासून आग लागली त्या दिवसापर्यंत मुरारी चौगुले यांनी एकही विडी ओढली नव्हती. त्याआधीही नाही.