आधी गोटे, मग गोष्ट

गोष्टीत चष्मा नव्हता. एवढं मात्र दीपाला पक्कं ठाऊक होतं, कारण ती गोष्ट तिनंच रचली होती.

ती वामनरावांच्या ओसरीवर बसली होती. समोर चहा निवत होता, मांडीवर टेपरेकॉर्डर होता, आणि आतली कॅसेट फिरतेय ना, हे ती पुन्हा पुन्हा वाकून बघत होती. दिवाळी होऊन गेलेली. अर्धी ओसरी वेचलेल्या कापसानं वाशांपर्यंत भरलेली, आणि त्यातून फवाऱ्याच्या औषधाचा तो गोडसर, घशात चिकटणारा वास येत होता. वामनराव खडकडोहचे जुने सरपंच. सांगायला बसले की हात हवेत गोष्ट विणायचे.

“...तर थे पोरगी बाहेरगावची. इचारपूस कराले आलती. दिवस बुडता फाट्याकडे निंगाली, आन् पोचलीच नाही. गोट्यायखाली हाये थे. आजवर हाका मारते. चष्मा होता तिले. नवाच, काया काडीचा. पन लाजे ना, म्हून थैलीतच ठेवे.”

दीपाचा हात आपसूक थैलीवर गेला. आत टॉवेलखाली, डबीत, चष्मा होता. काळ्या काडीचा. गेल्याच आठवड्यात यवतमाळला घेतलेला, आईशिवाय कुणीही न पाहिलेला.

“काका... चष्म्याचं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगाले कायले पायजे? जुनी गोष्ट हाये. माह्या बापाच्या तोंडून आयकली मी.”

तिनं टेपरेकॉर्डर बंद केला.

सांगायचं तर झालं होतं असं. दीपा यवतमाळची, मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरची मुलगी. लहानपणी रविवारच्या वर्गात तिनं बायबलातल्या आखानाची गोष्ट ऐकली होती. लुटीतला झगा आणि सोनं तंबूत पुरून ठेवणारा आखान. लोकांनी त्याला दगडांनी मारलं, वर ढीग रचला, आणि तो ढीग आजवर तिथं आहे. त्या ‘आजवर’नं ती रात्रभर आईला चिकटून झोपली होती. आधीच दचकरी पोर. कवाड वाजलं तरी हातातलं सांडायची.

पुढं पुण्याला इब्री भाषा शिकली, जुन्या कराराचा अभ्यास करू लागली, तेव्हा कळलं की मोठमोठे अभ्यासकही त्याच शब्दापाशी अडतात. आजवर म्हणजे कुणाच्या आजवर? आखानाच्या नव्हे, लिहिणाऱ्याच्या. त्याच्या डोळ्यांसमोर ढीग आहे, पोरं विचारताहेत की हे धोंडे कशाचे, आणि उत्तर म्हणून गोष्ट उभी राहते. त्याच गोष्टीतलं जाळून टाकलेलं शेजारचं नगर म्हणून जी जागा दाखवतात, तिथं खणणाऱ्यांना काय सापडलं? ते नगर जाळणारे येण्याच्या हजारएक वर्षं आधीपासून ती जागा उजाडच पडली होती. म्हणजे आधी भग्नावशेष, लढाईची गोष्ट मागाहून. तिचे सर म्हणत, “घडलं का, हे विचारायचंच. पण त्याच्याही आधी विचार, हे आठवायची गरज कुणाला पडली, आणि कधी?”

प्रबंधासाठी दीपाला आपल्याकडचा असा एखादा ढीग हवा होता. तो खडकडोहला सापडला. बाभुळगावच्या पलीकडे, गावातून फाट्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर, हिवराच्या झाडाखाली कमरेएवढा दगडांचा ढीग. येणारा-जाणारा त्यावर एक गोटा ठेवतो आणि पुढं होतो. का, ते कुणालाच सांगता येत नाही. असलं घबाड कुठं मिळायचं!

पोळ्याच्या सुमाराला ती पहिल्यांदा आली, तेव्हा मात्र गाव तोंड उघडेना. ते दिवसच तसे होते. कापसानं जिल्ह्याची दैना केलेली, आणि वही-कॅमेरा घेतलेली माणसं गावोगाव उंबरे झिजवत फिरत होती. दारात बसलेल्या रुक्माबाईनं तिला बघताच कपाळाला आठी घातली.

“कोन मेलं थे इचाराले आली काय वो? मांगच्या गल्लीत जाय. इथं अजून जित्ते हाये सारे.”

“नाही आजी. मला जुनं विचारायचंय. तो ढीग...”

“मले नाही माईत.”

शेवटी दीपानं जे करू नये ते केलं. अभ्यासकानं आपल्याकडचं काही घालायचं नसतं, फक्त ऐकायचं असतं, हे सरांनी शंभरदा बजावलेलं. पण म्हातारीला बोलतं करायचं म्हणून ती म्हणाली, “मी तर ऐकलं की तिथं एक बाहेरगावची मुलगी पुरलेली आहे. संध्याकाळी हाका मारते, आणि गावातलं कुणी तिला ओ देत नाही.” तिथल्या तिथं सुचलं, तसं बोलून गेली.  रुक्माबाई एवढंच म्हणाली, “अस्सं.”

त्या दिवशी गावातल्याच उकंडाभाऊनं तिला बैलगाडीतून एसटीच्या फाट्यावर सोडलं होतं. वाटेत तितर फडफडला तशी ती गाडीतच उभी राहिली, आणि उकंडा खो खो हसला.

“मॅडम, तुमी येवढ्या दचकता का भुतालेच भेव वाटन!”

ढिगापाशी त्यानं गाडी थांबवली, उतरून एक गोटा ठेवला. दीपानं आपलं शास्त्र सांगितलं. आधी ढीग असतो, गोष्ट मागून येते. उकंडानं बैलाच्या पाठीवर हात ठेवून विचार केला.

“म्हंजे पयले गोटे, मंग गोष्ट.”

“हो.”

“मंग मानूस कवा येते?”

तेव्हा दोघंही हसले होते.

आता वामनरावांच्या ओसरीवरून उठताना ते हसू तिला आठवलं. चष्मा योगायोग असेल. त्या वर्षांत खेड्यात येणाऱ्या निम्म्या बायकांना चष्मा होता. पण आपण पेरलेलं खोटं निदान आपल्या हातानं उपटून टाकावं, म्हणजे रात्री झोप तरी लागेल, असं म्हणून ती रुक्माबाईकडे गेली. म्हातारी दारातच होती. बोंडाच्या वाळक्या टरफलातून कापूस ओढून काढत होती.

“आजी, ती गोष्ट खोटी होती. मी बनवलेली. तुम्ही बोलावं म्हणून.”

रुक्माबाईला हसू आलं.

“तू कायची बनोतं माय? माही सासू सांगे थे गोष्ट. मी लगन होऊन आली, तवापासून दिवस बुडल्यावर त्या अंगाची हाक आली त आमी कोनी ओ देत नाही.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तवा आठोलीच नाही ना. तू बोलली, आन् आठोली.”

आतून सून हसली. “आमच्या बुढीले दात नाही, पन ध्यान मोप हाये, मॅडम.”

दीपानं हळू विचारलं, “आणि... हाका थांबतात कधी?”

“ओ आली का थांबतात.”

“कोण देतं ओ?”

म्हातारीनं चिमटीतला कापूस टोपल्यात टाकला. “गावातलं नाही देत.”

दीपा निघाली. चार पावलांवर थांबून तिनं मागं वळून विचारलं. न विचारती तर बरं झालं असतं.

“नाव काय होतं तिचं?”

रुक्माबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू विसरलेल्या कामाची कुणी आठवण करून द्यावी.

“नाव कुठी सांगितलं तू?”

पायवाटेला लागली तेव्हा दिवस कलला होता. शेवटची एसटी गाठायची, यवतमाळ, घर, आईच्या हातचा भात, झालं. प्रबंधातून हे गावच काढून टाकू, दुसरा ढीग शोधू. दोन्ही बाजूंना छातीएवढी कापसाची पऱ्हाटी, आणि विझत्या उजेडात फुटलेल्या बोंडांचा पांढरेपणा जमिनीपासून अधांतरी तरंगल्यासारखा. पाखरूही बोलत नव्हतं. तिच्याच चपलांचा आवाज क्षणभर मागं राहून येतोय असं वाटलं, म्हणून ती थांबली. आवाजही थांबला.

पायाखालचं दिसेना. तिनं डबी काढली आणि चष्मा घातला.

हिवराखाली ढीग होता. पोळ्याला कमरेएवढा होता, आता छातीला लागला असता. पण तेवढंच नव्हतं. वाटेकडच्या अंगाला दगड काढून जागा मोकळी केली होती. एक माणूस बसेल एवढी, कडा नीट लावलेली, तळ झाडल्यासारखा स्वच्छ. बांधाला कुणीतरी दगड नेले असतील, तिनं मनाला सांगितलं. आणि तरी ती वाकून आत बघत राहिली. ओल्या मातीचा वास येत होता. पाऊस थांबून महिना उलटला होता.

पऱ्हाटीतून तितर भर्रकन उडाला.

दीपा दचकली, मागं सरायच्या ऐवजी पुढं गेली, पाय घसरला आणि ती त्या जागेत बसती झाली. वरचे दगड घरंगळले. फार नाही, अलगदच आले. पण मांडीपर्यंत पाय दाबला गेला. तिनं ओढून पाहिला. एक दगड हलवला की वरून दोन येत होते. आता कुणी हात दिल्याखेरीज निघणं नव्हतं.

“कुणी आहे का?” तिनं हाक मारली. “अहो... कुणी आहे का?”

गाव लांब नव्हतं. कुत्रं भुंकलं, कुणाच्या तरी घरात दिवा लागला. तिची हाक तिथं पोचत होती, नक्की पोचत होती, कारण पाठोपाठ एक कवाड लागल्याचा आवाज आला. मग दुसरं.

बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकला तेव्हा तिला रडूच फुटलं. जिनिंगच्या कारखान्यात कापूस घालून उकंडा रिकामी गाडी घेऊन परतत होता.

“उकंडाभाऊ! इथं, इथं! पाय अडकलाय माझा!”

गाडी थांबली. उकंडा उतरला. त्याची मान खाली होती. त्यानं वाटेवरून एक दगड उचलला, चांगला निवडून, आणि जवळ आला. बिडीचा वास येण्याइतका जवळ.

“उकंडाभाऊ, मी आहे. अहो, मी... मॅडम...”

त्याचे ओठ हलत होते, पण तो तिच्याशी बोलत नव्हता. दगड त्यानं तिच्या गुडघ्यापाशी ठेवला, दुखू नये अशा बेतानं. हात जोडले, आणि मागं न बघता गाडीकडे गेला. बैल मात्र तिच्याकडे बघत होते. फुरफुरत, माना ओढत, वाट सोडून बांधाच्या कडेकडेनं गेले.

मग वेचणीच्या बाया आल्या, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या. लांबून हसणं-बोलणं ऐकू येत होतं. हिवर जवळ आला तसं ते बंद पडलं.

“बाई, थांबा! देवासाठी थांबा! मी दीपा... यवतमाळची दीपा! माझी आई वाट बघतेय...”

एकीनं दगड ठेवला. दुसरीनं ठेवला. कमरेपर्यंत आले आता.

“आज बेगीनच हाका मारून राह्यली व.”

“ओ नोको देऊ बाप्पा. चाल.”

“दीपा नाव हाये वाटते तिचं,” तिसरी कुजबुजली, आणि दगड ठेवून गेली.

 नाव. नाव दीपानं स्वतःच सांगितलं होतं. गोष्टीत तेवढंच राहिलं होतं.

ती हातानं तळची माती उकरू लागली, पाय सुटावा म्हणून. ओली, गार माती. बोटांना काहीतरी लागलं, बारीक, वाकडं. तिनं ते वर ओढलं, उरल्यासुरल्या उजेडात डोळ्यांशी नेलं. चष्म्याची काडी होती. काळी. बिजागरी गंजून गेलेली, खाचांमध्ये मुळं शिरलेली. माझा पडला वाटतं, असं म्हणून तिनं चेहरा चाचपला.

तिचा चष्मा नाकावरच होता.

“कुणी आहे का...” आता ती हाक उरली नव्हती, नुसता श्वास. “कुणीतरी... ओ द्या ना...”

गावातला शेवटचा दिवा मालवला. पऱ्हाटी स्तब्ध झाली. आणि मग पाठीमागून, खालून, अगदी तिच्या कानाजवळच्या दोन दगडांच्या फटीतून, फार दिवस खोळंबलेल्या आणि आता सुटका होणाऱ्या बाईच्या दमल्या, मायाळू आवाजात उत्तर आलं.

“ओ...”