अनसूयाबाईंच्या आठवणी

निशिगंधा जुन्या नट्या, गायिका, चित्रकार यांच्या आयुष्यावर माहितीपट करायची. आई गेल्यापासून मात्र तिचा कामात जीव उरला नव्हता. झोप अशी लागायचीच नाही. डोळे मिटले की हॉस्पिटलमधला आईचा सुकलेला चेहरा समोर यायचा. तरी हाती घेतलेलं काम संपवायला हवं, म्हणून ती उत्तनच्या बॉस्कोला, तिच्या कॅमेरामनला घेऊन भाईंदरला केबिन रोडवरच्या एका जुन्या इमारतीचे जिने चढली.

अनसूयाबाई एके काळी संगीत नाटकांत गाजलेल्या. आता त्या खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या असत. खालून रिक्षांचे हॉर्न आणि भाजीवाल्यांच्या हाका येत.

"त्यांना काहीच आठवत नाही हो," त्यांची सून नीलम म्हणाली. "मलासुद्धा ओळखत नाहीत."

खरंच होतं. निशिगंधाने नाटकांचे फोटो दाखवले, पदांची नावं घेतली. बाईंनी फोटोंकडे पाहिलंही नाही. भुकेल्या माणसाने ताटाकडे बघावं तशा त्या तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या आपणहून बोलू लागल्या.

"माझी आई मशीनवर साड्यांना फॉल लावायची. मी मशीनखाली बसायचे, तिच्या पायांशी. तिचं एक जोडवं सैल होतं. त्याला निळा दोरा गुंडाळलेला असायचा."

ते निशिगंधाच्या आईचं जोडवं होतं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

नीलम चहा घेऊन आली होती. ती हसली. "सासूबाई जन्मल्या आणि त्यांची आई गेली. कुठलं काय काढतायत!"

जिना उतरताना बॉस्को म्हणाला, "मॅडम, पुन्हा नको यायला. ही आजी बोलताना तुमच्यातून काहीतरी वाचल्यासारखी बघते. मला बरं वाटत न्हाय."

भीती तिलाही वाटली होती. पण त्या रात्री तिला गाढ झोप लागली. सकाळी त्या दोऱ्याचा रंग काही केल्या आठवेना. मन इतकं हलकं झालं होतं, की तिने आठवायचा नाद सोडला आणि ती पुन्हा केबिन रोडला गेली.

या वेळी तिने स्वतःच खुर्ची बाईंच्या जवळ ओढली. प्रश्न विचारलाच नाही.

"बोला," एवढंच म्हणाली.

बाई बोलल्या. तापात कपाळावर ठेवलेला आईचा गार हात. केसांत मुरवलेलं तेल. हॉस्पिटलचा शेवटचा दिवस, आणि बोटांतून सुटलेली आईची बोटं. बाईंचे डोळे वाहत होते. दारात उभी नीलमही रडत होती.

निशिगंधा फ्रेम बघत होती. फार सुंदर शॉट होता.

"मॅडम, बऱ्या हाय ना तुम्ही?" बॉस्कोने हळूच विचारलं.

"हो. का रे?"

तो कॅमेरा आवरायला लागला.

निघताना अनसूयाबाईंनी तिचा हात धरला.

"दमले गं फार," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी ती मीरा रोडला घरी आली, तेव्हा तिचा नवरा नीरज स्टुलावर चढून भिंतीवरच्या फोटोला हार घालत होता.

"उद्या वर्षश्राद्ध," तो म्हणाला. "गुरुजी सकाळीच येतील."

निशिगंधाने बॅग खाली ठेवली. फोटोजवळ जाऊन नीट पाहिलं.

"किती बोलका चेहरा आहे," ती म्हणाली. "कोण या? गायच्या का?"